ब्राइडीआजींचा बिचारा उपेंद्र

…नाही, तुम्हीच सांगा, मला झालंय काय? बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो… मी धडधाकट माणूस आहे हो! आणि तिकडे कॉनेमारात, आयर्लंडच्या पार पश्चिम टोकाला, ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी मी बरा व्हावा म्हणून माझ्या नावानं रोज मेणबत्ती लावतात!

आता बायको फिजिओथेरपिस्ट असणं हा काही गुन्हा नाही. पण ते वीस साल, लॉकडाऊन, गॉलवेतला आमचा एवढासा फ्लॅट, सोफ्यावर माझं ऑफिस, आणि एरवी पेशंटच्या घरी जाणारी आमची वृंदा डायनिंग टेबलावरून, व्हिडिओ कॉलवर, लोकांचे हातपाय हलवतेय! त्यातल्या ह्या ब्राइडीआजी. स्ट्रोकनं उजवा हात लुळा पडलेला, राहायला एकट्या. नाताळापर्यंत कोटाची बटणं स्वतःची स्वतः लावता आली नाहीत, तर मुलगा डब्लिनला नेणार, घराला कुलूप! आणि वृंदा म्हणाली "हात उचला", की आजी म्हणणार, "आय ॲम ग्रँड, लव्ह…" म्हणजे, माझं बरं चाललंय गं… आणि हात मांडीवरच! आशाच सोडली होती हो त्यांनी.

तर एक दिवस वृंदा म्हणते, "उपेंद्र, जरा इकडे ये रे, करून दाखवायला माणूस हवाय." आणि मी गेलो! तिथंच चुकलं! म्हणे, "टॉवेलची घडी घाल." तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत मी टॉवेल वापरलाय, ओला पलंगावर टाकलाय, त्यावरून शिव्या खाल्ल्यात… पण घडी? एक टोक धरलं की दुसरं जमिनीवर, कोपऱ्याला कोपरा लागेना, शेवटी बोळा करून छातीशी धरला. स्क्रीनवर आजींच्या डोळ्यांत पाणी! "ओ गॉड लव्ह हिम! एवढा तरुण… ह्याला गं कधी झाला स्ट्रोक?"

मी सांगणार, अहो मी धडधाकट… तेवढ्यात वृंदानं टेबलाखालून माझा पाय दाबला. कारण आजींनी टॉवेल उचलला होता! उजव्या हातानं! हात थरथरतोय, पण घालतायत घडी! "बघ रे पोरा, अस्सं. सावकाश."

झालं! मंगळवार-गुरुवार, सकाळी अकरा, मी हजर! कपड्यांना चिमटे लाव, प्रेस पूस… इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तेही मला तेव्हाच कळलं… कणीक मळ! आणि आजी प्रत्येक वेळी, "आधी मी करते, म्हणजे त्याला धीर येईल." मी मुद्दाम चुकायचो असं समजू नका हं, मला खरंच येत नव्हतं!

डिसेंबरात मुलगा गाडी घेऊन आला. आजी कॅमेऱ्यासमोर उभ्या, कोट अंगात, आणि एक… दोन… पाच! पाचही बटणं! मुलगा रडला, वृंदा रडली, मी दोन्ही हात वर करून नाचलो, तर आजी ओरडतात कशा, "बघा, बघा, त्याचाही हात वर गेला!"

मुलगा एकटाच परत गेला. इतका आनंद झाला म्हणून सांगू! वृंदा म्हणाली, "आजी, तुमचा कोर्स संपला." तर म्हणतात, "माझा संपला गं, पण ह्या बिचाऱ्याला मध्येच कसं सोडू?" आणि आमची बायको, गंभीर चेहऱ्यानं, "हो ना, त्याला अजून वेळ लागेल!"

एकवीस साल उजाडलं. परवा मी टॉवेलची अशी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा! म्हटलं, चला, सुटलो! आजींनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले. आणि म्हणाल्या, "शाब्बास! आता ती चादर घे… चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकवाली."

आता ती घडी, तुम्हाला सांगतो, धडधाकट माणसालाही जमत नाही हो!