डी टाकल्यावर चार सेकंद

हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार तुमच्या बायकोचा फोन?… गाडीतच बसलेय. फाटकाच्या आत, अजून बाहेर काढली नाही. आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, साडेदहाची वेळ दिलीय… हो, मागे बसल्यात. तुमच्या आईला मी मागेच बसवते, पुढे बसल्या की मला गाडी शिकवतात… बोला.

काय म्हणालात?… परत म्हणा… येत नाही म्हणजे?… अहो, बारा तारखेला येतो म्हणाला होतात. गाडीचा गिअरबॉक्स स्वतः बघतो म्हणून रजा टाकली होतीत ना?… रद्द केली?… काल संध्याकाळी? मला न विचारता?

नाही, चिडले नाही… चिडलेय थोडी. सात महिने झाले. मोजलेत का तुम्ही?… मी मोजलेत.

हं… ऐकतेय… कोण, क्रेनवाले मेकॅनिक? तुमच्या प्लांटवरचे?… काय म्हणाले ते?… तेल कमी असणार. एवढंच?… आणि ते मला घरच्या घरी भरता येईल, म्हणून तुम्ही रजा वाया घालवायची गरज नाही. वा. त्यांना माझा नमस्कार सांगा. बाकी काही सांगू नका.

एक मिनिट हं, आई काहीतरी विचारतायत.

(फोनवर हात ठेवून) आई, मध्ये बोलू नका. गाडी गुरुवारीच दुरुस्त झाली हे त्यांना सांगायचं नाही… का म्हणजे? मुलगा यायला हवाय ना तुम्हाला?… मग डोळे मिटून बसा.

हं, बोला… काही नाही, चष्मा शोधत होत्या… हो, होतंय अजून तसंच. सकाळी गाडी सुरू केली, गिअरचा दांडा पुढे जायच्या डीवर टाकला, ब्रेक सोडला, की ढिम्म. हलत नाही. चार सेकंद जातात आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी एकदम निघते… रिव्हर्सला तर त्याहून जास्त वेळ. शेजारीण म्हणाली, तुमच्या गाडीला प्रत्येक गोष्टीचा विचार करायची सवय आहे.

तेल बघितलं हो… तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. खुणेपर्यंत होतं… इंजिन बंद ठेवून. तुम्हीच शिकवलंत तसं… काय?… चालू ठेवून बघायचं?… आत्ता सांगताय?

परत सांगा, नीट… आधी गाडी गरम करायची. ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळीकडून एकेकदा फिरवायचा आणि परत पीवर, पार्किंगला, आणायचा. मग इंजिन चालूच ठेवून पट्टी काढायची… बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर भरलेलं दिसतं. अस्सं… म्हणजे अकरा वर्षं आपण चुकीचं बघत होतो… "आपण" नाही हो. मी तुम्ही सांगाल तसं बघत होते… हसतेय कुठे. उलट कौतुक वाटतंय. समोर असतात तर कबूल केलं नसतंत.

आत्ता?… आत्ता नको, उशीर होईल… अहो, ऐका ना, तुम्ही आलात की निवांत बघू. तुमचा हात लागल्याशिवाय ती गाडी कुणाचं ऐकते का?… लाडीगोडी नाही, खरंच सांगतेय… नुसतं ऐकायचंय तुम्हाला?… बरं. बरं बाबा, करते चालू.

झाली… हो, पीवर आहे… ब्रेकवर पाय आहे… फोन कुठे धरू?… दांड्यापाशी. धरला. मोजते हं मोठ्याने.

टाकला. एक… दोन… तीन… चार… हं, आत्ता धरलं बघा.

काय?… चारच मोजले की… कसला आवाज उतरला?… गिअर धरला की इंजिनाचा उतरतो तो?… मी "एक" म्हणायच्या आधीच?… इतक्या लांबून तुम्हाला काय कळतंय?… हो हो, मशीनचे आवाज ऐकण्यात जन्म गेला तुमचा, माहीत आहे मला… परत कशाला टाकू?

आई, हसू नका हो… काही नाही. कुणी हसत नाहीये.

बरं. झालीय. गाडी झालीय दुरुस्त… गुरुवारी. कोपऱ्यावरच्या गिअरबॉक्सवाल्याने केली. तेल लिटरभर कमी होतं, तळाचं पॅकिंग गळत होतं. पॅकिंग बदललं, फिल्टर बदलला, नवीन तेल भरलं. आता टाकला दांडा की धरते… हो, तुमच्या क्रेनवाल्यांचं बरोबर होतं. मी त्याच्यासमोर इंजिन बंद करून पट्टी काढली, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हटलं, आमच्याकडे असंच बघतात.

खोटं बोलले. हो… का म्हणजे? तुम्हाला कळत नाही?

कारण तुम्ही आमच्यासाठी येत नाही, बिघाडासाठी येता… नाही, मला बोलू द्या. पाण्याची मोटर बंद पडली, आलात. आईंचा पाय मुरगळला, आलात. सगळं सुरळीत असलं की तुम्ही म्हणता, छान चाललंय ना, मग पुढच्या महिन्यात बघू. आणि मी काय करते माहीत आहे?… स्वयंपाकघरातला नळ गळू देते. जिन्यातला दिवा बदलत नाही, चाचपडत वर जाते. कुणी करून देतो म्हटलं तर नको म्हणते, हे आले की करतील… म्हणा वेडी. खुशाल म्हणा. मला तुमची आठवण येते हो. तुमची खुर्ची रिकामी बघवत नाही म्हणून तिच्यावर वाळलेले कपडे टाकून ठेवते. घडी न घालता. म्हणजे ढीग मोठा दिसतो.

आणि एक सांगू?… रागावणार नाही ना?… ती मोटर बंद पडली नव्हती. मी तिची वायर सोडवली होती.



काय?… माहीत होतं?… कधीपासून?… झाकण उघडल्या उघडल्या?… वायर तुटलेली नव्हती, स्क्रू काढून नीट बाजूला घेतलेली होती, म्हणून… हो, टोकाला चिकटपट्टीही मीच लावली होती. शॉक बसू नये म्हणून. तुम्हाला.

थांबा. मग चार दिवस ती मोटर अंगणात उघडून कशाला बसला होतात?… अहो, चार दिवस आम्ही बादल्यांनी पाणी आणलं… हो, तुम्हीही आणलंत. माझ्याबरोबरच आणलंत, प्रत्येक खेपेला… … हं… … तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?… मीही नाही बोलले, खरंय.

रडत नाहीये. आणि तुमचा आवाज कशाने बसलाय?… सर्दी म्हणे.

बरं, ऐका आता. घरात काही बिघडलेलं नाही. गाडी ठीक, आईंचा पाय ठीक. नळही मी उद्या माणूस बोलावून करून घेते. मुद्दाम काही मोडायचा मला कंटाळा आलाय. तरी या… हो, असंच. कामाशिवाय… काय करायचं म्हणजे? बसायचं. बोलायचं. मी करेन तो चहा प्यायचा.

कारण विचारणारच ना तुमचे साहेब. काल रद्द केली आणि आज परत मागायची म्हटल्यावर… नाही, गाडीचं नाव नका घेऊ… आईंच्या तब्येतीचं तर मुळीच नको, त्या ऐकतायत मागे… लाज कसली त्यात? छप्पन्न वर्षांचे आहात तुम्ही.

सरळ सांगा, घरी सगळं छान चाललंय, म्हणून जायचंय.

… हो, अगदी असंच… जाताय ना आत्ता?… मग उठा… नाही, आधी तुम्ही ठेवा… बरं, मीच ठेवते.