मास्तरीण आज दुकानात नाही

नाही हो काका, आज मास्तरीण नाही दुकानात — बसा ना, चष्म्याची दांडी नुसती सैल झालीय तुमच्या, स्क्रू आवळला की काम झालं — नाही, शाळेतही नाही गेली. जरा डोकं दुखतंय पोरीचं. जरा म्हणजे... दवाखान्यात ठेवलंय. अहो, घाबरू नका, गाठबिठ काही नाही, डोक्याचा फोटो काढला, स्वच्छ आला. मेंदूभोवती पाणी असतं म्हणे, सगळ्यांच्याच असतं, तुमच्या-माझ्याही — त्याचा दाब वाढलाय. आज पाठीत सुई घालून तो मोजणार आहेत. आई आहे तिच्याजवळ. मी? मी म्हटलं, दुकान उघडतो, गिऱ्हाइकांचा खोळंबा नको. सकाळपासून तुम्ही पहिलेच आलात, ती गोष्ट वेगळी.

मागच्या खेपेला तुम्हाला तिनंच वाचायला लावलं होतं की! स्टुलावर उभी, हातात फूटपट्टी — 'आजोबा, अंदाजपंचे नको, दिसतंय तेवढंच सांगा!' एवढीशी पोर, पण सगळ्या गिऱ्हाइकांना धाकात ठेवायची. म्हणून तर मास्तरीण. बोलायला लागली तेव्हापासून ही अक्षरांची पाटी तिच्यासमोर, वरून खाली म्हणा, खालून वर म्हणा, तोंडपाठ. आणि तिथंच माती खाल्ली मी. — तुम्हाला ठाऊक नाही, गिऱ्हाइकांत कुणालाच नाही, तिला नंबर लागला होता. लहानसाच हो. दुकानात येताना चष्मा दप्तरात ठेव म्हणायचो मी तिला. का म्हणजे? लाज! मी गावभर फुशारकी मारत सुटलेला — बापाचं चष्म्याचं दुकान, पण पोरीच्या नाकावर काच नाही, याला म्हणतात डोळे! आता कोणत्या तोंडानं सांगू? मग एका गिऱ्हाइकानं सुचवलं — नाही, खोटं कशाला बोलू, मीच गेलो औषधवाल्याकडे, म्हटलं, डोळ्यांसाठी काहीतरी जोरदार द्या. त्यानं व्हिटॅमिन 'ए'च्या गोळ्या दिल्या, मोठ्या माणसांच्या. कुणासाठी ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, असं डबीवर छापलेलं होतं. बारीक अक्षरात. बारीक अक्षरं वाचून घ्यायचा माझा धंदा, काका!

आईला सांगायचं नाही, म्हटलं, आपलं दोघांचं गुपित. मग काही दिवसांनी चष्मा काढून तिला पाटीसमोर उभी केली — घडाघडा वाचली! शेवटची ओळसुद्धा. मी असा हरखलो! म्हटलं, लागू पडतंय. एका गोळीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. जितकी छान वाचायची तितक्या वाढवायचो. डोकं दुखतंय म्हणाली — परत पाटीसमोर, परत घडाघडा. म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत, अभ्यासाचा कंटाळा असेल. सकाळी उठली की उलटी, आडवी झाली की जास्त ठणका, कानात कुणीतरी सारखं फुंकतंय म्हणायची — आणि मी हसायचो हो. एकेक अक्षर दोन-दोन दिसत होतं तिला. पाठ म्हणून दाखवत होती. कशासाठी? बापाचा चेहरा खुलायचा ना, म्हणून. दुसरं काय.

काल डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात आतपर्यंत बघितलं, मागची नस सुजलीय म्हणाल्या. विचारलं, काही औषधं चालू आहेत का? ताकदीच्या गोळ्या, व्हिटॅमिन? गोळ्यांनीही मुलांचा असा दाब वाढतो म्हणे, थांबवल्या की बहुतेकदा उतरतो — पण वेळेत थांबवायला हव्यात, नाहीतर नजर जाते. आमची ही ताडकन म्हणाली, 'साधी तापाची गोळीसुद्धा मी विचारल्याशिवाय देत नाही.' खरंच आहे ते, ती देतच नाही. मी? मी पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर सटकलो. बाटली भरलेलीच होती, काका.

सांगणार आहे मी. नाही असं नाही. संध्याकाळी हिला बाजूला घेऊन, नीट समजावून — एकदम सांगितलं तर ती तोंड बघणार नाही माझं. आणि तशी घाई कशाला, गोळ्या तर आता बंदच — हो, बंदच की. डबी इथं, या खणात... नाही. डबी तिच्या दप्तरात आहे. दप्तर कुठं म्हणजे? उशाशी, तिथंच. मघाशी फोन आला होता तिचा. आई फोन तिच्यापाशी ठेवून चहाला गेली होती, ही दबक्या आवाजात म्हणते, 'बाबा, काळजी नको करू हं. आपल्या गोळ्या घेते मी रोज. आजच्या पण घेतल्या. आईला कळलं नाही.' आणि माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? सवयीनं हो, रोजच्या सवयीनं —

शाब्बास म्हणालो मी तिला.

घ्या. बसली दांडी. घाला बघू — दिसतंय ना नीट? मग माझ्याकडे नका बघू. उठा काका, उठा लवकर, मला शटर ओढून दवाखाना गाठायचाय.