मानपत्रातलं एक विशेषण

समारंभाचे अध्यक्ष माननीय भागवतराव, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, पोखर्णीचे गावकरी आणि मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या माझ्या मुलींनो! कुजबुज थांबवा. निवृत्त उद्यापासून आहे मी.

राजेश्रीने आत्ताच मानपत्र वाचलं. ही माझी विद्यार्थिनी, आता माझ्या जागी इंग्रजी शिकवणार. तिने मला ‘इम्पीरियस’ म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. राजेश्री, बस, रागावले नाही. पण तीस वर्षं ज्या विषयावर पोट भरलं, त्याला जागलं पाहिजे. हा शब्द कौतुकाचा नाही. ज्याची हुकमत कामातून सिद्ध झाली आहे, त्याला ‘ऑथॉरिटेटिव’ म्हणतात. इम्पीरियस माणूस सिद्ध काही करत नाही. समोरच्याला विचारायचं असतं, हे त्याला सुचतच नाही. हा शब्द स्वराला लावतात, नजरेला लावतात, नुसत्या हाताच्या इशाऱ्यालाही लावतात. मानपत्रात मात्र लावत नाहीत.

आता मला तो लागू पडतो का? पुरावा बघा आणि तुम्हीच ठरवा.

गेल्या दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रॅक्टर पारापाशी उभा होता. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, आणि त्यांवर बसलेली दहावीतली ज्ञानेश्वरी, मांडीवर दोन वर्षांचा भाऊ परमेश्वर. मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून तिथे पोचले आणि म्हणाले, “ज्ञानेश्वरी, उतर खाली.”

ती उतरली नाही. तिने बापाकडे पाहिलं.

सूर्यभान म्हणाले, “बाई, शाळेत तुमचा हुकूम. हितं पोरगी माझी हाय.”

तिची आई वच्छलाबाई भांडल्या नाहीत, त्यांनी विचारलं, “आमी दोघं ऊस तोडाया फडात गेल्यावर लहान्याला कोपीवर, झोपडीत, कोन बघंल, बाई?”

प्रश्न बरोबर होता. तरी मी हात वर करून त्या लेकराला उचललं आणि ह्यांच्या हातात दिलं. “धरा. दोघंही आपल्याकडे राहतील.”

हे म्हणाले, “मी?”

“मग कोण?”

ट्रॉलीतल्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, “साहेब, पेन्शनीतबी तुमाला सुट्टी न्हाई व्हय!”

सूर्यभान मात्र हसले नाहीत. म्हणाले, “ठेवा. पण रोज सांजच्याला फोनवर त्याचा आवाज ऐकवायचा. एक दिवस चुकला, की येऊन घेऊन जाईन.”

आयुष्यात मला कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत हुकूम दिला नव्हता. मी तो पाळला.

सभागृहाला वाटेल, बाई निर्धास्त होत्या. कसल्या निर्धास्त! पोराला ताप आला की मी रात्रभर त्याच्या उशाशी बसून असे. दुसऱ्याचं लेकरू आईच्या कुशीतून काढून आणलं होतं मी. अभ्यास ज्ञानेश्वरीचा चालला होता, पण परीक्षा माझी होती. आणि पोराला तर ह्यांचा इतका लळा लागला, की ते त्यांच्याशिवाय घास घेईना. आईला विसरलं तर?

गुढीपाडव्याच्या आधी ट्रॅक्टर परत आला. वच्छलाबाई थेट आमच्या दारात. उन्हानं काळवंडलेल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. परमेश्वर ह्यांच्या पायामागे लपला. वच्छलाबाईंनी त्याला हाक मारली नाही. उंबऱ्यावर बसल्या आणि रोज फोनवर म्हणायच्या तेच म्हणाल्या, “माझं बाळ जेवलं का?”

पोरानं ह्यांचा पाय सोडला आणि धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडलं. मी आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. इतका मोकळा श्वास मी कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

ज्ञानेश्वरी पास झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परभणीला अकरावीत प्रवेश घ्यायचा आहे. मी म्हटलं, “सोमवारी येते तुझ्याबरोबर.” ती म्हणाली, “नको बाई. दादा येणार हायेत. त्यांनी सुट्टी काढलीय.”

तिचे दादा म्हणजे आपले सूर्यभान, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, मान खाली घालून. वर बघा. आता तुमचा हुकूम चालू दे.

संस्थेचे, सहकाऱ्यांचे, आणि न विचारता ज्यांच्या हाती पोर दिलं त्या माझ्या यजमानांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी आता निवांत बसते.