एफीचं वाक्य

(साउथहॅम्प्टन, १९९३. इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी गायिका मंजिरी स्कॉटलंडमधल्या एका बेटावरून, आपल्या गाण्याच्या गुरू एफी हिच्याकडून, आजच परतली आहे. वडील डॉ. जयंत स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले आहेत.)

मंजिरी : ...एफीचा इंग्रजी सगळा गेला, बाबा. स्ट्रोकनंतर एक वर्डसुद्धा नाही. फक्त गॅलिक राहिला, त्यांच्या बेटावरचा.

जयंत : होतं असं. लहानपणची भाषा तेवढी उरते. माझ्या वॉर्डात एक पंजाबी आजोबा होते. उभा जन्म इथे बस चालवली, पण शेवटी नर्सशीसुद्धा पंजाबीतच बोलायचे.

मंजिरी : मला वाटलं, मला प्रॉब्लेम नाही येणार. कॉलेजपासून तिच्याकडेच शिकतेय ना.

जयंत : मग येतच असेल की तुला गॅलिक.

मंजिरी : गाणी येतात. बोलता नाही येत. कॉलेजमध्ये व्हॉइस शिकवला, गाणी लिहून काढायला शिकवलं. एफी म्हणायची, आधी बोलायला शीक, तू श्वास घेतेस तिथे वाक्य तुटतं. मी म्हणायची, नेक्स्ट समर.

जयंत : आणि समरमध्ये?

मंजिरी : कॉन्सर्ट्स असायच्या.

जयंत : या वेळी ओळखलं का तिने तुला?

मंजिरी : ओळखलं. माझा हात धरून एकच सेंटेन्स परत परत बोलत होती. मला वाटलं, गाणं मागतेय. म्हणून तिचं फेवरिट गायले, होडी बुडते ते. ती हात ओढायला लागली. मला वाटलं, ताल धरतेय.

जयंत : मग?

मंजिरी : सगळं गायले, एंडपर्यंत. इतकं चांगलं मी कधी गायले नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं छान वाटलं, बाबा.

जयंत : तिलाही बरं वाटलं असेल.

मंजिरी : मग शेजारची मेरी आली. तिला मी ते सेंटेन्स म्हणून दाखवलं. साउंड्स माझ्या लक्षात बरोबर राहतात. ती ऐकताच उठली आणि खिडकी लावली.

जयंत : म्हणजे?

मंजिरी : "थंडी वाजतेय, खिडकी लाव." तेवढंच म्हणत होती ती.

जयंत : तुला कसं कळणार होतं, मंजू.

मंजिरी : कळायला पाहिजे होतं.

जयंत : पुन्हा जाशील तेव्हा...

मंजिरी : गुरुवारी फ्युनरल झालं. म्हणून तर राहिले तिकडे. सगळे म्हणाले, तिचं गाणं गा. मी नाही गायले.

जयंत : चहा टाकू का जरा?

मंजिरी : बाबा, तुमचा इंग्रजी गेला तर?

जयंत : इतक्यात नाही जात.

मंजिरी : पण गेला तर? फक्त मराठी राहिला तर? 'खिडकी लाव' मला कळेल. त्याच्या पुढचं नाही कळणार.

जयंत : पुढचं असं काय असतं गं?

मंजिरी : ते तुम्हाला माहीत. मला नाही ना.

जयंत : बरं. ये, अशी जवळ बस. हळू बोलतो.