उंबऱ्यात आडवी

— नाही गं पोरी, तुझ्या चित्रपटाच्या कागदावर लिहिलीय तशी नाही ती गोष्ट. मीच सांगत आले ना सगळ्यांना, तेव्हा मलाच ठाऊक. एक होती सायरा म्हणून बाई — म्हणजे मी — तिचा एक लेक, तालाय नावाचा, आणि नारीन गावच्या बाजारात लोकर विकायला आलेली एक परक्याची पोर, बुरुलचा नावाची. लेकानं तिला पळवून आणलं. गोष्टीत मी घोडा म्हणते, तुमच्या पडद्यावरही घोडाच शोभेल — पण गाडी होती, मित्राची, आणि आत चार दांडगे. पोर रडत नव्हती बरं का. तेच वाईट. डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल घातला, तिनं काढला. घातला, काढला. बायका म्हणाल्या, "आम्हीही अश्शाच आलो, गप बस!" ती उठली, दाराकडे निघाली — आणि मी काय केलं? धावले आणि उंबऱ्यात आडवी पडले. म्हटलं, "ओलांड मला! थोरल्या बाईला ओलांडणारीचं कधी भलं झालंय?" तिनं पाय उचलला. इथे, माझ्या पोटावर. मोज्याला भोक होतं, अंगठा दिसत होता. आणि मग पाय मागे घेतला. मी गावभर सांगितलं, आपखुशीनं राहिली, कुणी हात धरला नाही. नव्हताच धरला. तेवीस वर्षं झाली.

तुझ्या चित्रपटातला राजपुत्र विचारतो म्हणतेस, "माझी होशील का?" शाळेतल्या पोरापोरींनी बघावं म्हणून. चांगलंय. पण दारात म्हातारी आडवी असताना विचारलं, तर त्याला काय विचारणं म्हणायचं? आधी दार मोकळं कर म्हणावं, मग विचार. — होईन की तुझ्या चित्रपटात आडवी! पण तुझ्या नायिकेनं मला ओलांडून जायचं. दहा वेळा घे, दहाही वेळा ओलांडायचं. शाप? अगं, मी तरी कुठे पाहिला होता शाप — तोंडाला आलं ते बोलले.

माफी मागितली का तिची? काय विचारतेस असलं! "आई, मीठ बरोबर आहे ना?" "आहे गं." — एवढंच बोलतो आम्ही सासू-सून. चहा घे तू.

परवा नातीला मागणी आली, बुरुलचाच्या मीरिमला. पाहुण्यांनी कानातल्यांची डबी पुढे ठेवली — कानात घातली की पोर त्यांची. मीरिमनं डबी मागे सरकवली. "मला नाही करायचं." सगळे माझ्याकडे बघायला लागले, घरातली थोरली ना मी. तेवढ्यात सून उठली, दार सताड उघडून उभी राहिली, आणि तिनंही माझ्याकडेच बघितलं. मी जागची हलले नाही. गुडघे दाबून बसून राहिले. पाहुण्यांनी चहा संपवला, जोडे घातले, गेले. पोर घरातच राहिली, तळलेले बोरसोक खात. अल्लानं एवढं दिलं आम्हाला — जा आता, जा, सून येतेय.