युझेब तेता यांच्या मयताच्या पिंपात भर पडल्याबाबत

हा जबाब मी शुक्रवारीच लिहून द्यायला हवा होता. फौजदार प्रॉस्पेर यांनी दोनदा निरोप पाठवला. शुक्रवारी मी गाईंना वैरण टाकायला गेलो, शनिवारी पेन सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर दोन्ही दिवस छाती झाली नाही. आज रविवार, ७ नोव्हेंबर २०१०. दुपारी दोन वाजता आपण होऊन चौकीत आलो आणि स्वतःच्या हाताने लिहितोय. उद्या सकाळी दहाला दफन आहे, त्यामुळे आणखी टाळता येत नाही.

मी गास्पार मेली, वय २४, धंदा असा एक नाही (उन्हाळ्यात वरच्या कुरणात गाई, मग द्राक्षतोडणी, हिवाळ्यात बर्फावरच्या पाळण्यांची तिकिटं), शिक्षण आठवी आणि नववी अर्धी, राहणार सँ-तेओदूल, युझेब तेता यांच्या घराची माडी, समक्ष लिहून देतो की:

युझेब तेता, वय ८१, हे माझे कोणी नव्हेत. मी तीन वर्षांपूर्वी एका रात्रीपुरता त्यांच्याकडे थांबलो होतो. गुरुवारी सकाळी सात वाजता मी कॉफी घेऊन खाली गेलो तर ते उठले नाहीत. दोन हाका मारल्या. मग ती कॉफी मीच प्यायलो. का ते विचारू नये. गार होत होती.

त्यांची मुलगी आदेलीन, वय ४१, सिएरला बेकरीत असते. ती दुपारच्या बसने आली. घरच्यांपैकी आता ती एकटीच. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली.

फौजदार म्हणतात की वरचे साहेब खोऱ्याबाहेरचे आहेत, तेव्हा पिंपाचं समजावून लिही. तर, आमच्याकडे लग्नाच्या वर्षी नवराबायको आपापल्या मयताचं पिंप भरून ठेवतात. त्यात गावचं तांबडं असतं, म्हणजे कोर्नालँ द्राक्षाची वाइन. हे द्राक्ष नखरेल आहे. एका वर्षी लगडतं, दुसऱ्या वर्षी तोंड फिरवतं, आमच्या गाईंमधल्या त्या काळ्या मार्गोसारखं. मार्गोने यंदा झुंजीत सात गाई मागे सारल्या आणि आठवीला पाहून चक्क चरायला निघून गेली. (फौजदार म्हणतात, मुद्द्यावर ये.) पिंप माणूस मरेपर्यंत उघडत नाहीत, दफनाच्या दिवशी त्यातली वाइन गावाला वाटतात. लाकूड वाइन पितं, म्हणून घरचं माणूस वर्षातून एकदा त्यात सुरईभर भर घालतं. घरच्याशिवाय कोणी घालत नाही. आणि ज्याने घातली तो घरचा. तो शवपेटीमागे घरच्यांबरोबर चालतो. यावर वाद नसतो.

युझेब आजोबांनी बायको गेल्यावर मळा सोडला आणि भर घालणंही सोडलं. "मी आणि पिंप बरोबरच खाली उतरू," असं म्हणायचे. म्हणजे पिंप वीतभर तरी उतरलेलं असायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आदेलीन, तळघरांचे राखणदार इसिदोरमामा आणि मी खाली गेलो. मामांनी मापाची काठी बुडवली.

"आदेलीन, काठी वरपर्यंत ओली."

"परत बुडवा."

"अगं तीनदा बुडवली. आता काठीला चढेल."

पिंप बुचापर्यंत भरलेलं होतं. काही चोरीला गेलेलं नाही, उलट वाढलंय. म्हणून फौजदारांना कलम सापडत नाहीये.

आदेलीन माझ्याकडे वळली. "काय रे, जागा धरून ठेवलीस? घर हवंय तुला?"

मी म्हणालो, "ताई, मला एक खोली झाडायला होत नाही. घर घेऊन काय करू?"

"किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला असते. ती कुत्र्यालाही माहीत आहे. पण हे मी तेव्हा बोललो नाही, कारण मला दुसरंच काही आठवलं होतं. ते पुढे लिहितो.

इसिदोरमामांनी काचेच्या नळीने थोडी वाइन काढली, उजेडात धरली. कडेला विटेसारखा रंग. वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ गिळलाच नाही. मग म्हणाले, "नवी ओतली असती तर वर तरंगून बोंबलली असती. ही अडुसष्टचीच, त्याच्या लग्नाच्या सालची. आपल्याच उताराची. जिभेला सांधा लागत नाही."

गावात अडुसष्टची आणखी तीन पिंपं आहेत. मामांनी शनिवारी तिन्ही मोजली. एकही नेहमीपेक्षा जास्त उतरलेलं नाही. "म्हणजे," मामा म्हणाले, "गावाबाहेरचं कोणीतरी स्वतःच्या मयताची इथे आणून ओततंय."

आदेलीनने तक्रार शुक्रवारीच दिली होती. तिचं म्हणणं, कोणी ओतलं ते कळेपर्यंत बूच निघणार नाही. "सोमवारी माझ्या बापामागे कोण चालायला हवं हे मलाच माहीत नाही, आणि मी लोकांना पेले वाटू?" पिंप न उघडता माणसाला पुरलं तर त्याला कोरडं मयत म्हणतात. मागचं कोरडं मयत मी जन्मण्यापूर्वी झालं, तरी त्या घराला अजून कोरड्यांचं घर म्हणतात. आदेलीनला हे माहीत आहे. रात्री ती पिंपाजवळ स्टूल टाकून बसली होती म्हणे.

आता माझं. गेल्या फेब्रुवारीत तीन दिवस बस बंद होती. तेव्हा मी बूच काढून गवताच्या नळीने अर्धा ग्लास ओढला. चव कशी होती लिहिता येत नाही. लवंग, जुनं चामडं, आणि कोणीतरी खोलीतून नुकतंच उठून गेल्यासारखं. मग वाईट वाटलं, म्हणून दुकानातली तांबडी अर्धा ग्लास आत ओतली. बाटलीवर डोंगराचं चित्र होतं. सगळ्याच बाटल्यांवर असतं. एवढंच. वीतभर नाही. पण ओतलं हे खरं. यावरून मी घरचा ठरतो की चोर, हे मला दोन दिवस कळत नव्हतं, म्हणून आलो नाही. मगाशी विचारलं तर फौजदार म्हणाले, "दोन्ही एकदम ठरता येत नाही."

आदेलीन आणि इसिदोरमामाही चौकीत भिंतीला टेकून उभे आहेत. मामा म्हणाले, "का नाही? माझा मेहुणा आहे की."

आदेलीन हसली नाही. पण रागावलीही नाही.

आणखी एक आठवतं, त्याचा उपयोग आहे की नाही माहीत नाही. दरवर्षी ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, आजोबा मला सिएरला पिटाळायचे. एकदा खिळे आणायला, एकदा तेच खिळे बदलून आणायला. परत आलो की टेबलावर दोन ग्लास धुऊन पालथे घातलेले. मी विचारलं, "आजोबा, एकट्याला दोन कशाला?" तर म्हणाले, "एकात चष्मा धुतला." चष्मा नाकावरच होता. आणि त्या दिवशी दाढी केलेली असायची.

हे मी आदेलीनसमोरच सांगितलं. तिने हातमोजे काढले आणि परत घातले.

यापलीकडे मला ठाऊक नाही. वरचं सगळं फौजदारांनी मोठ्याने वाचलं. मार्गोचं गाळलं होतं, ते मी पुन्हा वाचायला लावलं. मला सांगायचं होतं तसंच उतरलंय, कोणी धाक घातला नाही, शुद्धलेखन माझं आहे.

सही करत होतो इतक्यात तीन चाळीसची बस थांबली आणि दार उघडून एक बाई आत आल्या. ऐंशीच्या आसपास, काळा कोट, काखेत कथलाची सुरई. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. इसिदोरमामांनी टोपी काढली.

"मी फिलोमेन," त्या म्हणाल्या. "नदीपलीकडची. पेपरात वाचलं. इथे तेता मंडळींपैकी कोणी आहे का?"

आदेलीन पुढे झाली.

"नाक बापाचंच," बाई म्हणाल्या. "माझं पिंपही अडुसष्टचं, पोरी. हे तळाचं राहिलं होतं. फार उशीर झाला का? उघडलं का त्याचं?"

"नाही," आदेलीन म्हणाली. मग मामांकडे न बघता, "मामा, उद्या सकाळी बूच सैल करून ठेवा." आणि मला, "गास्पार, ऊठ ना. बसू दे त्यांना."

चौकीत आलेल्यांसाठी खुर्ची एकच आहे, म्हणून सही उभ्यानेच करतोय.