विनिताचा ध्वनीचा पाठ

...आणि वर कॉलेजच्या मॅडम म्हणतात, तयार पाठ आहेत की, फक्त ऑनलाइनला साजेसे करून घ्या. फक्त! तुम्हाला सांगतो, हे 'फक्त' म्हणणाऱ्याला एकदा आमच्या किहीमला आणून बसवा, जिथं नेट शोधायला माणूस विहिरीच्या कठड्यावर चढतो. आमच्या शेजारची विनिता रोज चढायची. अलिबागला बी.एड. करत होती, लॉकडाऊन लागला, शाळा बंद, पण सरावपाठ व्हायलाच हवेत, नाहीतर पदवी कशी मिळणार? मग कॉलेजातून आली पाठांची तयार टाचणं, कुठल्या जमान्यातली कोण जाणे, आणि त्यात काय लिहिलेलं... 'शिक्षक वर्गातून फेरी मारतील.' 'मागील बाकावरील विद्यार्थ्यास उभे करतील.' आता याचं ऑनलाइन कसं करायचं, सांगा.

तिच्या वाट्याला आला रेवदंड्याच्या एका शाळेचा सहावीचा वर्ग. पहिल्या दिवशी पोरं बरीच होती. एकाच्या मागे कुकर, दुसरीच्या मागे भांडण, अरमान तर "बाई, अब्बांचा कुवेतवरनं फोन येतोय, ठेवतो" म्हणून गेला तो गेलाच. कुणाचा रिचार्ज संपला, कुणाचा फोन बाप कामावर घेऊन गेला, आणि बघता बघता वर्गात उरली एकटी मैना. तिच्याकडचं नेट इतकं अशक्त, की व्हिडिओ लावला की आवाजही बुडायचा. म्हणून दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलंच नाही. नुसता आवाज.

त्यात पाठ आला ध्वनीचा. टाचण म्हणतं, 'शिक्षक तक्ता दाखवतील, नादकाटा वाजवतील.' तक्ता दिसणार नाही, नादकाटा कॉलेजच्या कपाटात कुलपात. याचं ऑनलाइन कसं करायचं, सांगा. विनितानं टाचण ठेवलं बाजूला आणि म्हणाली, "मैना, घरातलं काहीतरी वाजव. मी ओळखते."

टण्ण.

"ताट."

"न्हाय बाई. तवा."

ठक ठक.

"दार?"

"न्हाय. आयचा बसायचा पाट."

आणि पोरगी अशी हसत सुटली, की विनिता कठड्यावरून पडता पडता राहिली. मग रोज तेच. वाजवायचं, ओळखायचं, आणि मग मैना विचारणार, बाई, दोरी ताणली की आवाज बारीक का होतो, ढिली सोडली की ढब्ब का... एकदा म्हणाली, "बाई, सातवीला पन तुमीच असनार ना?" विनिता 'बघू' म्हणाली. सरावपाठवाल्या बाई सातवीला कुठून असणार?

मध्ये एक आठवडा मैना गप्प गप्प. "बाई, आज वाजवायला काय न्हाय." विनिता म्हणाली, "मग टाळी वाजव." आणि मैनानं वाजवली टाळी. एकच.

मग एके दिवशी फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मॅडमना सांगितलं, तर मॅडम म्हणतात, "एक मुलगी म्हणजे वर्ग नव्हे, विनिता. दुसरी शाळा घे. तयार पाठ आहेत की." तोवर रिक्षा सुरू झाल्या होत्या, विनितानं मास्क लावला आणि गेली थेट रेवदंड्याला.

शाळेच्या शिपायानं वाट दाखवली. किनाऱ्यावर सुकट वाळत घातलेली, एक बाई आणि एक पोरगी वाकून ती परतत होत्या. विनितानं विचारलं, "मैना इथंच राहते का?" पोरगी अजून वाकलेलीच होती, वर बघायच्या आधीच तिच्या तोंडून निघालं, "बाई?"

मग वर पाहिलं. नवख्या माणसाकडे पाहावं तसं, बराच वेळ.

"तुमी अशा हाव?" म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

तिची आई जनी पदराला हात पुसत पुढं आली. "फोन हिच्या दादाचा व्हता बाई. त्याला उरणला काम लागलं, तो घेऊन गेला. आनि हिचा बापूस तर गेल्या महिन्यात गेला. करोनानं. दवाखान्यातनं घरी आनू बी दिला न्हाय."

गेल्या महिन्यात. म्हणजे टाळीचा आठवडा तोच. विनिता तिथंच वाळूत बसली.

मग म्हणाली, "शाळा उघडली की पाठवाल ना हिला?"

"पाठवली असती बाई," जनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. "पन टोपली एकटीला उचलत न्हाय."

आता याचा पाठ कसा घ्यायचा, सांगा. कुठल्या टाचणात आहे? विनितानं मैनाच्या डोक्यावर हात ठेवला, उठली. निघताना जनीनं सुकटीची पुडी बळेच हातात कोंबली, पोरीला शिकवलंत म्हणून. परतीच्या रिक्षात लोक वासानं नाकाला रुमाल लावत होते, हिनं पुडी मांडीवरून हलवली नाही.

घरी आईनं सुकट कांद्यावर परतली, चव घेतली. "झकास आहे ग. आणखी मिळेल का तिथं?"

"मिळेल की," विनिता म्हणाली. "आता तिथं आणखी दोन हात आलेत."